पाइनेम म्बाहने परत घेतलेला शब्द

माझी बदली केदुंगलुमुत गावी झाली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. सरकारी सुईण, पक्की नोकरी, पांढराशुभ्र गणवेश, दवाखान्याच्या दारावर माझ्या नावाची पाटी. पहिल्याच आठवड्यात एक गरोदर बाई तपासायला आली. तिला मी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि रोज एक घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पाइनेम म्बाहला विचारते आणि घेते."

म्बाह म्हणजे आजी, तेव्हा घरातलीच कुणी असेल, असं मला वाटलं. दुसरी बाईही तेच म्हणाली. तिसरीही. चौथीला मी विचारलंच, "अगं, तुम्हा सगळ्यांची मिळून एकच आजी कशी?"

ती खो-खो हसली. बाईला मानाने हाक मारताना इकडे बु म्हणतात. "बु रेत्ना, तिच्या हाताखालून गेलं नाही असं या गावात एकही ढुंगण नाही. तुमचं तेवढं राहिलंय."

पाइनेम म्बाह बाळ-बाळंतिणीला चोळणारी. पूर्वी बाळंतपणंही तीच करायची. सरकारने ती दवाखान्यातच व्हावीत असा नियम केला तेव्हा तिने भांडण केलं नाही. मी नाळ कापायची आणि बाकी सगळं तिने करायचं, अशी वाटणी आपोआप झाली. पस्तीस दिवस ती रोज सकाळी येणार, मांडीवर बाळ पालथं घेणार, तोंडात पान, बोटांना खोबरेल. तिच्या हाताखाली रडणारं पोर जांभई द्यायचं. आणि हात चालत असताना ती आईला सांगत असायची: काय खायचं, कुठे बसायचं, नवऱ्याला कधी जवळ येऊ द्यायचं. माझं बोलणं बाया ऐकून घ्यायच्या. तिचं बोलणं पाळायच्या.

तिच्या सांगण्यातली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात गेली होती. बाळाचं डायपर जाळायचं नाही. जाळलं तर बाळाला सुलेतेन होतं, म्हणजे ढुंगण भाजल्यासारखं लाल होतं, बाळ रात्रंदिवस किंचाळतं. मग करायचं काय? पाण्याला द्यायचं. पाणी गार, म्हणून बाळही गार.

आमच्या गावाला लागून ब्रांतास वाहते. एवढी मोठी नदी, एवढं गार पाणी. सकाळी उजाडता उजाडता पुलावरून मोटरसायकली जायच्या. हँडलला काळी पिशवी. गाडी थांबवायची गरज नाही, नुसता डावा हात उचलायचा. पिशवी कठड्यावरून खाली. खाली पाहायलाही कोणी थांबत नसे. कारखान्यात कामाला जाणारे बाप, शाळेत शिकवणाऱ्या आया, एकदा तर गावप्रमुखाची सून. घरोघरी कचरा जाळायची पद्धत, कचऱ्याची गाडी कधी आलीच नव्हती, आणि एवढी एकच वस्तू जाळायची नाही. मग ती नदीत जाणार नाही तर कुठे?

काही पिशव्या वाहून जायच्या. बऱ्याच काठच्या बांबूंना अडकायच्या आणि तिथेच फुगायच्या. कोळ्यांच्या जाळ्यात मासे कमी आणि त्याच जास्त. माशांच्या पोटात पारदर्शक गोळ्या निघायला लागल्या, तेव्हा बायांनी नदीचा मासा घेणंच सोडलं.

मी काय केलं नाही? सभा घेतल्या. पडद्यावर चित्रं दाखवली. बाया आल्या, माना डोलावल्या, तळलेली केळी खाल्ली आणि घरी जाऊन डायपर नदीत टाकलं. मग मी पुलावर फलक लावून घेतला: इथे कचरा टाकल्यास दंड होईल. आठवड्याभरात लोक त्या फलकाच्या खिळ्याला पिशव्या अडकवून जाऊ लागले. सहा वर्षांनी मी हात टेकले.

त्या जानेवारीत तीन दिवस सलग पाऊस लागला. भाताची रोपं नुकतीच लावली होती. पाटाचं पाणी चढायला लागलं की नदीकडचं लोखंडी दार उघडून जास्तीचं पाणी सोडायचं, हे काम तुकिमान पाटकऱ्याचं. चौथ्या दिवशी सकाळी तो चाक फिरवायला गेला, तर चाक हलेना. तीन माणसं लावली तरी हलेना. पाणी मागे फुगत गेलं आणि तासाभरात खालच्या अंगाची सगळी शेतं बुडाली. बांधावर बायाबापड्या उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. त्यात लासमिनीही होती, तीन आठवड्यांची बाळंतीण, लेकरू झोळीत बांधून आलेली. लोक तिला घरी जा म्हणत होते, ती हलत नव्हती. तिचं सगळं शेत तेवढंच होतं.

तुकिमान आकडी लावलेला बांबू घेऊन दारापाशी पाण्यात उतरला. आकडीने ओढायला लागला. काहीतरी मऊ, गच्च, भिंतीसारखं बसलं होतं. एक लगदा निघाला, दुसरा निघाला. मग सगळंच एकदम सुटलं. पाण्याचा असा लोंढा आला की तुकिमान दारावर फेकला गेला आणि त्याचा पाय दार आणि भिंतीच्या फटीत सापडला. त्याची किंकाळी मला दवाखान्यात ऐकू आली.

मी धावत गेले तोवर त्याला वर काढलं होतं. गुडघ्याखाली हाड मोडलं होतं. मी बांबूच्या पट्ट्या बांधल्या, एका ट्रकमध्ये घालून त्याला इस्पितळात पाठवलं. तो शुद्धीत होता. जाताना म्हणाला, "पाणी उतरलं का बघा."

पाणी उतरत होतं. माणसं दारातलं उरलेलं बाहेर काढून बांधावर टाकत होती. उशांएवढे फुगलेले पांढरट गोळे, काहींवर अजून रंगीत अस्वलं आणि ससे दिसत होते. ढीग माझ्या कमरेएवढा झाला. वास असा की चिखलात राबणारी माणसंही तोंड फिरवत होती.

तेवढ्यात पाइनेम म्बाह आली. माणसांसाठी उकडलेला साबुकंद आणि कॉफीची किटली घेऊन. ढिगापाशी येऊन थबकली.

"हे काय? कुणाचं जनावर मेलं?"

"डायपर आहेत, म्बाह," एकजण म्हणाला.

"एवढी? कुणाची?"

"सगळ्यांचीच."

"मग पाटात कशाला कोंबलीत, मेल्यांनो? तुकिमानचा पाय मोडला तुमच्यापायी!"

माणसांनी खाली पाहिलं. लासमिनी बोलली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं असावं. "म्बाह, तुम्हीच सांगता ना. परवासुद्धा म्हणालात. पाण्याला दे, लेकराला गारवा राहील."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आनंद झाला. सहा वर्षं मी जे घसा फोडून सांगत होते ते आज गावासमोर ढीग होऊन पडलं होतं. मग मी म्बाहच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझा आनंद तिथेच विरला. तिने किटली खाली ठेवली. टोपलीही ठेवली. आणि आल्या वाटेने परत गेली.

तुकिमान हे तिने या गावात चोळलेलं पहिलं बाळ. ती वीस वर्षांची नवी सून, सासू शेजारी बसून शिकवत होती. हे मला मागाहून कळलं.

चार दिवस ती कुणाकडेच गेली नाही. गावात कुजबुज झाली की म्हातारी आजारी पडली. पाचव्या दिवशी दुपारी ती माझ्या दवाखान्यात आली. इतक्या वर्षांत पुढच्या दाराने ती पहिल्यांदाच आत येत होती.

"बु रेत्ना, तुमच्याकडे ते डायपर आहे का, कोरं?"

मी कपाटातून काढून दिलं. तिने ते उलटसुलट पाहिलं.

"फाडून दाखवा. आत काय असतं ते बघू दे."

मी कात्रीने कापलं. भुसभुशीत कापूस निघाला आणि त्यात साखरेसारखे बारीक कण. ते मी वाटीत झटकले आणि वर पाणी ओतलं. बघता बघता वाटी थबथबीत गोळ्याने भरली. म्बाहने बोट घालून पाहिलं.

"बेडकाची अंडी," ती म्हणाली. "हे पाण्यात विरत नाही?"

"नाही. फुगतं. वरचा कागद दिसतो ना, तोही कागद नाही, प्लास्टिक आहे. तुमची नातवंडं म्हातारी होतील, हा तसाच राहील."

ती पान चघळायचंही विसरली होती.

"माझी सासू काय म्हणायची माहिती आहे?" ती म्हणाली. "पावसाळ्यात लंगोट वाळत नसत, तेव्हा बाया ते चुलीवर धरायच्या. धुराने फडकं कडक व्हायचं, काथ्यासारखं. ते बांधलं की पोराचं ढुंगण सोलवटून निघायचं. सासू म्हणायची, बाळाचं फडकं विस्तवाला दाखवू नका, पाण्याला दाखवा. म्हणजे नीट धुवा. एवढंच. मी तेच सांगत आले. विस्तवाला नको, पाण्याला. मग फडकी गेली, हे आलं. मी माझं तेच म्हणत राहिले. धुवा म्हटलेलं कधी सोडा झालं, माझ्या मला कळलं नाही."

मला राहवलं नाही. "मग आता सांगून टाका ना गावाला, की सुलेतेन वगैरे सगळं खोटं आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा सव्वीस वर्षांची झाल्यासारखं वाटलं.

"खोटं आहे हे मला माहीत नाही. तुम्हाला असेल. तुम्ही सहा वर्षं खोटं खोटं म्हणत होतात, किती जणींनी ऐकलं? आईला लेकराची भीती वाटते, बु. त्या भीतीला खोटं म्हटलं की ती आणखी आत जाऊन बसते. मी ते म्हणणार नाही. मी माझा शब्द परत घेईन. तो माझा आहे, तेवढा मला घेता येतो."

लासमिनीच्या बाळाला पस्तीस दिवस झाले, त्या दिवशी तिच्या अंगणात सोहळा होता. शेतात दुसऱ्यांदा रोपं लावायला शेजाऱ्यांनी मदत केली होती, म्हणून तिने सगळ्या गावाला बोलावलं होतं. पिवळ्या भाताचा ढीग, कोंबडी, उकडलेली अंडी. बाळाचे केस उतरवून झाले, मौलवींनी दुआ म्हटली. पुरुष उठून सिगारेट ओढायला गेले तेव्हा म्बाह चटईवरून उठली. हातात लासमिनीच्या बाळाचं वापरलेलं डायपर.

"ऐका गं," ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलं, हे पाण्याला द्या. मी चुकले."

गावात कुणी कधी तिच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता.

"तुकिमानचा पाय माझ्यामुळे मोडला. लासमिनीचं शेत माझ्यामुळे बुडालं. नदीचा मासा तुम्ही खात नाही, तोही माझ्यामुळे. पाण्याला दे हे मी परत घेते. आजपासून ते माझं सांगणं नाही."

"मग काय, जाळायचं?" मागून जुमिलाह म्हणाली. जुमिलाह चार नातवंडांची आजी, गावातली सगळ्यात तिखट जीभ. "म्हणजे तुमचा शब्द परत आणि आमच्या पोरांची ढुंगणं विस्तवात?"

"जाळा कोण म्हणतंय? मला सांग जुमिलाह, तुझ्या नातवाबरोबर पडलेली वार कुठे आहे?"

"कुठे असणार? दाराशी पुरली. त्याच्या बापाने पुरली, मडक्यात घालून. पस्तीस रात्री दिवा लावला."

"वार म्हणजे बाळाचा धाकटा भाऊ. तो मातीत निजलाय. त्याला कधी गरम झालं?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"पाणी वाहतं, उन्हात तापतं," म्बाह म्हणाली. "माती खालून कायम गार असते. सगळ्यात गार मातीच. बघा आता."

तिने डायपर उघडलं. आतली घाण संडासात झटकून आली. आतला लगदा सोडवून केळीच्या बुंध्याशी खड्ड्यात टाकला, वर माती लोटली. प्लास्टिकचं उरलेलं साल गार पाण्याने धुतलं, घडी केली आणि डब्यात ठेवलं. "हे साल गाडीने जाईल. गाडीवाले ते खड्ड्यात पुरतात, जाळत नाहीत. आणि घरी असाल तेव्हा जुन्या लुगड्याचे लंगोट बांधा. आळशी झालात तुम्ही."

"गाडी कुठली? आपल्याकडे गाडीच येत नाही," लासमिनी म्हणाली.

"येईल."

"आणि माझ्या नातवाचं ढुंगण लाल झालं तर?" जुमिलाहने विचारलं.

"तर घेऊन ये. बरं होईपर्यंत माझ्या मांडीवर ठेवीन."

दुसऱ्या दिवशी म्बाह मला बरोबर घेऊन गावप्रमुखाकडे गेली. तो म्हणाला, कचऱ्याच्या गाडीचं पुढच्या वर्षी बघू, यंदा तरतूद नाही.

"तू जन्मलास तेव्हा तीन दिवस तुला शी झाली नव्हती," म्बाह म्हणाली. "तुझी आई रडत होती. मी पोट चोळत बसले. पुढच्या वर्षी बघू म्हटलं नव्हतं."

कचेरीतले दोन कारकून टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकले. महिन्याच्या आत आठवड्यातून दोनदा गाडी यायला लागली.

पण सगळं सुरळीत झालं असं नाही. सोहळ्याला बारा-तेरा दिवस झाले असतील, जुमिलाह सकाळीच आरडाओरडा करत म्बाहच्या दारात हजर. नातवाचं ढुंगण खरंच लाल झालं होतं. बघता बघता वीसेक बाया जमल्या. मला बोलावणं आलं. बाळाला पुरळ आलं होतं, रात्रभर एकच डायपर ठेवल्याने येतं तसं. मी तोंड उघडणार तोच म्बाहने मला डोळ्यांनी गप्प केलं.

तिने पोर मांडीवर घेतलं. कोमट पाण्याने पुसलं, वाऱ्यावर उघडं ठेवलं, मी दिलेलं मलम लावलं. मग ती तशीच बसून राहिली. त्या दिवशी तिने दुसरं कुणाचंच बाळ चोळलं नाही. ज्या आया बोलवायला आल्या त्यांना म्हणाली, "इथे आणा. मी शब्द दिलाय, उठता येत नाही." पोराने तिच्या मांडीवर तीनदा मुतलं. ती लुगडं बदलत होती आणि पुन्हा बसत होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी लाली उतरली.

या तीन दिवसांत पुलावरून पिशव्या पुन्हा पडायला लागल्या होत्या. नातू बरा झाला तशा त्या कमी झाल्या. पण ज्यांना सवयच लागली होती त्यांचा हात थांबेना. तेव्हा म्बाह पुलावर जाऊन बसली.

पहाटेची फजरची नमाज झाली की ती चटई आणि पानाचा डबा घेऊन कठड्याशी बसायची. ऊन चढेपर्यंत. मोटरसायकल आली की नजर वर.

"कोण? सुगिआर्तोचा धाकटा ना तू? पिशवीत काय आहे?"

"काही नाही म्बाह. डबा आहे जेवणाचा."

"वास येतोय डब्याला. उघड बघू, काय केलंय बायकोने."

तो बिचारा लाल होऊन पिशवी परत घेऊन जायचा. जिने आपल्याला नागडं पालथं घालून चोळलंय तिच्यासमोर पिशवी फेकणं कुणाला जमेना. काही जण लांबून तिला पाहूनच गाडी वळवत. दोन महिने ती एक दिवसही चुकली नाही. पावसात डोक्यावर केळीचं पान धरून बसायची. मी म्हटलं, "म्बाह, वय काय तुमचं? बाहत्तर. ताप येईल." ती म्हणाली, "तुकिमान कुबडीवर चालतो. मला ताप आला तर काय बिघडलं?"

तुकिमानच एका सकाळी कुबड्या टेकत पुलावर आला. मी तिथेच होते. तो तिच्या शेजारी खाली बसला, तिच्या डब्यातली सुपारी घेतली. "म्बाह," तो म्हणाला, "पाय माझा मोडला. मी रागावलो नाही. तुम्ही का एवढ्या रागावलात स्वतःवर?"

ती नदीकडे बघत राहिली. "मी रागावले नाहीये," ती म्हणाली. "मी कामाला आलेय. पूर्वी कुठे बसून करावं ते माहीत नव्हतं."

मग तिने त्याचा पाय मांडीवर ओढून घेतला आणि पोटरी चोळायला लागली. बावन्न वर्षांचा तो गडी डोळे मिटून बसला.

पुलावर बसल्यामुळे तिला एक गोष्ट दिसली जी मला कधी दिसली नव्हती. वरून कुणी काही टाकलं नाही तरी खालून पिशव्या वाहतच असायच्या. दहा, पंधरा, वीस. वरच्या गावांमधून येत होत्या.

"वर कोण सांगतं त्यांना?" मी विचारलं.

"तिथे कासियेम आहे," म्बाह म्हणाली आणि पानाचा डबा मिटला.

कासियेम वरच्या गावची चोळणारी. या दोघी वीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका बाळाचं बरंवाईट झालं होतं आणि कासियेमने साऱ्या पंचक्रोशीत सांगितलं होतं की पाइनेमचा हात जड आहे. चोळणारीला याहून मोठी शिवी नाही.

चार दिवसांनी म्बाह माझ्या स्कूटरशेजारी येऊन उभी राहिली. नवी ओढणी, हातात केळीचा घड. "मला कासियेमकडे सोडा. परत आणायचं की नाही ते तिथे गेल्यावर बघू."

कासियेम ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. आम्हाला पाहून तिने शेंगा फोडणं थांबवलं नाही. म्बाह ओसरीच्या पायरीवर बसली, खालच्या. वरच्या नाही.

"कासियेम, डायपर पाण्याला द्या असं मी बायांना सांगत आले. चुकलं माझं. गावासमोर परत घेतलं. तूही तेच सांगतेस. तूही परत घे."

फट. फट. दोन शेंगा फुटल्या.

"वीस वर्षांनी दारात आलीस," कासियेम म्हणाली, "ती ढुंगणांवर बोलायला?"

"मग कशावर बोलू? दोघींचं आयुष्य त्यावरच गेलं."

कासियेमचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती. मग म्बाहही हसायला लागली. दोघींच्या तोंडात मिळून सात-आठ दात असतील. हसता हसता कासियेमने डोळे पुसले आणि म्हणाली, "वर ये. पायरी ओली आहे." त्या बाळाबद्दल त्या दुपारी कुणीच काही बोललं नाही. पण निघताना कासियेमने म्बाहचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे करून तळवे पाहिले आणि म्हणाली, "हलके आहेत गं."

परतताना स्कूटरवर म्बाह माझ्या पाठीला चिकटून बसली होती. माझ्या गणवेशाची पाठ ओली झाली होती.

त्यानंतर आम्ही नदीच्या वरच्या अंगाला एकेक गाव करत गेलो. कुठे चहा मिळाला, कुठे दार लावून घेतलं. एका गावात एका पोरसवदा चोळणारीने तिला तोंडावर म्हटलं, "तुमचा धंदा बसला म्हणून आता हे सुरू केलंत का?" म्बाह म्हणाली, "हो. तुझा बसायच्या आत तूही कर." प्रत्येक ओसरीवर ती आधी तेच वाक्य म्हणायची: मी चुकले. मी शिकलेली बाई. माझ्या हातून आजवर किती चुका झाल्या असतील, पण हे दोन शब्द मी एवढ्या सहज कधी उच्चारलेले नाहीत. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला तिची कीव आली होती. सातव्या गावापर्यंत मला तिचा हेवा वाटायला लागला.

आता या गोष्टीला तीन वर्षं झाली. गेल्या दोन पावसाळ्यांत पाटाचं दार अडलं नाही. तुकिमानने काम परत हाती घेतलं आहे, थोडा लंगडतो. आमच्या गावात निम्म्याहून जास्त घरी पुन्हा लंगोट वाळत दिसतात. नदीचा मासा अजून कुणी खात नाही. मीही खात नाही. नदी निर्मळ झाली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण वर शहराच्या कडेला घरांच्या नव्या वसाहती झाल्या आहेत. तिथे हजारेक कुटुंबं, सगळी बाहेरून आलेली, आणि ओढ्यातून त्यांच्या पिशव्या येतातच. तिथे चोळणारी नाही. पाइनेम म्बाह कोण, हे तिथे कुणाला ठाऊक नाही.

ते कळल्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिला तिथल्या लसीकरण केंद्रावर नेते. तिला आता डाव्या डोळ्याने दिसत नाही. कोपऱ्यात चटई टाकून बसते. सुरुवातीला शहरी आया तिच्याकडे पाहून बाळ घट्ट धरायच्या. मग एकदा सुई टोचल्यावर एक पोर काही केल्या थांबेना, आई रडकुंडीला आली. म्बाहने हात पुढे केले. आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पोर मांडीवर पालथं पडलं आणि दोन मिनिटांत त्याने जांभई दिली. आता तिथे रांग असते.

मागच्या शुक्रवारी मी तिला विचारलं, "म्बाह, आधी बोलून मग चोळायला काय हरकत आहे? वेळ वाचेल."

"हात बाळावर असले की आई ऐकते, बु," ती म्हणाली, आणि पुढच्या आईला खुणेने बोलावून घेतलं. "ये गं. नाव काय लेकराचं? बरं. मला सांग, याचं डायपर तू कुठे टाकतेस?"